सदोष सांधा काढल्यानंतर : शरीराची उभारी आणि हक्काची दाद

खुब्याचा अथवा गुडघ्याचा कृत्रिम सांधा बसवून घेतलेली एखादी तरी व्यक्ती आज आपल्या आप्तस्वकीयांत सापडतेच. बहुसंख्य रुग्णांना त्या शस्त्रक्रियेने वेदनेपासून सुटका मिळते आणि तो सांधा पुढे अनेक वर्षे निमूटपणे काम करतो. काहींच्या वाट्याला मात्र निराळा अनुभव येतो. दोन-चार वर्षांतच जांघेत ठणका सुरू होतो, चालताना खटखट आवाज येतो, सूज उतरत नाही आणि अखेरीस डॉक्टर सांगतात, ‘हा सांधा काढावा लागेल.’

अशा घरापुढे दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. हे शरीर पुन्हा चालते कसे करावे, हा पहिला. झालेल्या हानीची भरपाई कोणाकडे मागावी, हा दुसरा. पहिला डॉक्टरांचा आणि दुसरा वकिलांचा अशी वाटणी करून आपण बहुधा म्हणतो, ‘आधी बरे होऊ, मग बाकीचे पाहू.’ हे म्हणणे स्वाभाविक असले तरी त्यात फार मोठे नुकसान दडलेले आहे. ज्या काळात रुग्ण अंथरुणावर असतो, त्याच काळात पुरावे नाहीसे होतात आणि कायद्याची मुदत सरत जाते. म्हणून शुश्रूषा आणि दाद या दोन्ही गोष्टींची तयारी पहिल्या दिवसापासून बरोबरीने करावी, आणि त्यासाठी वेगळा खटाटोप न करता घरातील एक साधी वही कशी पुरेशी ठरते, हे या लेखात सांगावयाचे आहे.

एका सांध्याची हकिकत

या विषयातील आपल्या देशाचा सर्वांत मोठा धडा म्हणजे ‘एएसआर’ या खुब्याच्या सांध्याचे प्रकरण. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डिप्यू या कंपनीचा हा सांधा. त्यातील गोळा आणि वाटी ही दोन्ही कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची होती. धातूवर धातू घासून सूक्ष्म कण सुटत. ते भोवतालच्या मांसल भागात साचत आणि कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरत असे. इंग्लंड आणि वेल्समधील सांधेरोपणाच्या राष्ट्रीय नोंदवहीत असे आढळले, की पाच वर्षांच्या आत या सांध्याच्या दोन प्रकारांत अनुक्रमे सुमारे १२ व १३ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागविला. तोपर्यंत सुमारे ९३,००० जणांच्या शरीरात तो बसविला गेला होता.

भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाकडे आरंभीच लक्ष वेधले. पुढे केंद्र सरकारने २०१७ मध्ये डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने प्रत्येक बाधित रुग्णास किमान २० लाख रुपये भरपाई द्यावी, अशी शिफारस केली. त्यानंतर रुग्णाचे वय आणि अपंगत्वाचे प्रमाण विचारात घेणारे सूत्र ठरविण्यात आले व त्यानुसार भरपाईची रक्कम सुमारे ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत जाईल, असे २०१८ च्या अखेरीस जाहीर झाले. कंपनीने या सूत्रास न्यायालयात आव्हान दिले. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर तिने, आपले कायदेशीर म्हणणे राखून ठेवून, पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी दर्शविली.

या आकड्यांतील एक तफावत वाचकांनी नीट पाहावी. शस्त्रक्रिया सुमारे ४,७००, आणि त्या वेळी पडताळणी झालेले रुग्ण ६७. सगळ्यांचेच सांधे बिघडले होते असे नव्हे. परंतु साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. आपल्याकडे सांधेरोपणाची सक्तीची राष्ट्रीय नोंदवही नव्हती, पत्ते बदलले होते, कागद हरवले होते. आपल्या शरीरात कोणता सांधा आहे, हेच अनेकांना ठाऊक नव्हते. ज्यांच्या कपाटात सांध्याचे स्टिकर लावलेला कागद जपून ठेवलेला होता, त्यांची वाट त्या मानाने सोपी झाली.

सांधा काढावा लागणे म्हणजे तो सदोष असणे नव्हे

न्यायबुद्धीने एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. सांधा काढण्याची वेळ अनेक कारणांनी येते. जंतुसंसर्ग, हाड आणि सांधा यांतील पकड सैल होणे, पडल्याने झालेला अस्थिभंग, वर्षानुवर्षांची झीज, बसविताना कोन चुकणे आणि मूळ वस्तूतील दोष ही त्यांतील प्रमुख. यांपैकी कोणते कारण आपल्या बाबतीत लागू आहे, यावरच दाद कोणाविरुद्ध मागावयाची हे ठरते. वस्तू सदोष असेल तर उत्पादक व आयातदार. बसविण्यात निष्काळजीपणा झाला असेल तर रुग्णालय व शल्यचिकित्सक. आणि सर्व काळजी घेऊनही संसर्ग झाला असेल तर कदाचित कोणीच नाही.

म्हणून दुसरी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना शांतपणे विचारावे, ‘सांधा बिघडण्याचे कारण आपल्याला काय दिसते? ते शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहाल का?’ आत काळपट द्रव आढळला, मांस झडलेले दिसले, वाटी सैल होती, अशा नोंदी उपचारासाठी मोलाच्या असतात आणि पुढे आयोगासमोरही त्यांचे वजन पडते. संशयाने बोलून या डॉक्टरांना दुरावू नये. पुष्कळदा तेच आपले सर्वांत महत्त्वाचे साक्षीदार ठरतात.

शस्त्रक्रियेपूर्वी एक अर्ज

काढलेला सांधा हा मुख्य पुरावा असतो. काही न सांगितल्यास तो रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्यात जाण्याचा संभव असतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच रुग्णालयास लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. मजकूर साधा असावा : ‘माझ्या उजव्या खुब्यातून काढण्यात येणारे सर्व कृत्रिम भाग निर्जंतुक करून, मोहोरबंद डब्यात, माझे नाव व तारीख लिहून, मला किंवा माझ्या प्रतिनिधीस द्यावेत. ते नष्ट करू नयेत आणि माझ्या लेखी संमतीवाचून अन्य कोणास देऊ नयेत.’

डबा मिळाल्यावर तो उघडू नये, घासूनपुसून ‘स्वच्छ’ करू नये. बाहेरून छायाचित्रे काढून तो कोरड्या जागी ठेवावा. तपासणीसाठी कोणी मागितल्यास वकिलांचा सल्ला घेतल्याखेरीज देऊ नये. ग्राहक आयोगाला वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून अहवाल मागविण्याचा अधिकार आहे. तेव्हा तो तुकडा मूळ स्थितीत असणे आवश्यक ठरते.

याचबरोबर पहिल्या शस्त्रक्रियेची संपूर्ण कागदपत्रे मागवावीत. त्यांत सांध्याचे नाव, उत्पादक, लॉट क्रमांक असलेले स्टिकर, शस्त्रक्रियेचे टिपण, डिस्चार्ज कार्ड आणि देयके असावीत. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावयाची असतात. मात्र दाखल रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षेच जपण्याचे बंधन तीत आहे; म्हणून जुन्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत विलंब करू नये.

उभारीचे महिने

दुसरी शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा कठीण असते. हाड झिजलेले असते, स्नायूंवर पूर्वीचे व्रण असतात, वेळ आणि रक्तस्राव अधिक होतो. संसर्ग असल्यास जुना सांधा काढून प्रतिजैविकयुक्त सिमेंटचा तात्पुरता भाग बसवितात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी नवा सांधा बसवितात. ‘मागच्या वेळी सहा आठवड्यांत चालू लागलो होतो,’ ही तुलना रुग्णाला निराश करते. या वेळी पूर्ण उभारीस वर्षभरही लागू शकते, हे घरातील सर्वांनी आधीच स्वीकारलेले बरे.

पायावर किती भार द्यावयाचा, हे शल्यचिकित्सकच ठरवितात. हाडाचे रोपण केले असल्यास कित्येक आठवडे अंशतःच भार देता येतो. खुब्याच्या बाबतीत सांधा निखळण्याचा धोका या वेळी अधिक असतो. म्हणून डॉक्टर परवानगी देईपर्यंत खाली मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, पायावर पाय टाकणे आणि कमरेत फार वाकून वस्तू उचलणे टाळावे. देवपूजा, जेवण आणि शौच या तिन्ही गोष्टी आपल्याकडे परंपरेने जमिनीलगत होतात. म्हणून उंच खुर्ची, उंच कमोड आणि टेबलावरील देव्हारा यांची सोय रुग्ण घरी येण्यापूर्वीच करावी. न्हाणीघरात पकडण्यासाठी दांडी व न घसरणारी जाजमे असावीत, रात्री मंद दिवा असावा, आणि वाटेतील सतरंज्या उचलून ठेवाव्यात.

फिजिओथेरपिस्टने शिकविलेले घोट्याचे व मांडीचे व्यायाम दिवसातून ठरलेल्या वेळी करावेत. आहारात डाळी, दूध, दही, अंडी, मासे अशा प्रथिनयुक्त पदार्थांचे प्रमाण वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

काही लक्षणे दिसताच विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पोटरी सुजणे व दुखणे, अचानक धाप लागणे वा छातीत दुखणे, ताप, जखमेतून स्राव, आणि पाय एकाएकी आखूड अथवा वळलेला दिसून असह्य कळ येणे, ही ती लक्षणे होत.

धातूवर धातू असा सांधा काढला असेल तर आणखी एक पथ्य पाळावे लागते. रक्तातील कोबाल्ट आणि क्रोमियमचे प्रमाण हळूहळू उतरते; त्याची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करावी. ब्रिटनच्या नियामक संस्थेने २०१० मध्ये लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची पातळी मानली होती. कोबाल्ट फार वाढल्यास ऐकू कमी येणे, दृष्टी मंदावणे, हातापायांना मुंग्या, थायरॉईडचे वा हृदयाचे विकार संभवतात. वृद्धांच्या बाबतीत ‘वयामुळे ऐकू येत नाही’ असे म्हणून आपण ही लक्षणे सोडून देतो. सांध्याचा इतिहास प्रत्येक डॉक्टरला, दंतवैद्यालाही, आवर्जून सांगावा.

एक वही, दोन उपयोग

आता त्या वहीविषयी. दररोज तीत चार-पाच ओळी लिहाव्यात : आज वेदना दहांपैकी किती, किती पावले चालणे झाले, झोप कशी लागली, कोणती औषधे घेतली, कोणते काम दुसऱ्याच्या मदतीवाचून जमले नाही. शेवटच्या पानांवर खर्च लिहावा : औषधे, रिक्षा-टॅक्सी, वॉकर, कमोड, दिवसपाळीच्या मदतनीस बाईंचा पगार. मुलाने वा सुनेने बिनपगारी रजा घेतली असेल तर तिचे दिवसही लिहावेत. पावत्या एका पाकिटात तारखेप्रमाणे ठेवाव्यात.

हीच वही डॉक्टरांना प्रगती दाखविते. ‘गेल्या आठवड्यापेक्षा बरे वाटते का?’ या प्रश्नाला स्मरणावर विसंबून दिलेले उत्तर पुष्कळदा चुकते. वहीतील चुकत नाही. आणि हीच वही पुढे हानीचे स्वरूप सिद्ध करण्यास साहाय्यभूत होते, कारण ती त्या-त्या दिवशी लिहिलेली असते. तीत अतिशयोक्ती करू नये. बऱ्या गेलेल्या दिवसाला बरा म्हटले, तरच वाईट दिवसाच्या नोंदीवर विश्वास बसतो.

दाद कोठे मागावी

पहिली पायरी तक्रार नोंदविण्याची. वैद्यकीय साधनांमुळे झालेल्या अपायांची नोंद ठेवण्यासाठी २०१५ पासून देशात स्वतंत्र कार्यक्रम चालतो; त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण वा नातेवाईकही माहिती देऊ शकतात. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही लेखी तक्रार करावी. यातून आपल्याला पैसे मिळत नाहीत, परंतु तोच सांधा बसविलेल्या इतरांना वेळीच इशारा मिळू शकतो.

भरपाईसाठी ग्राहक आयोगाची वाट सर्वसामान्यांना सोयीची आहे. जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादनातील दोष, रचनेतील दोष किंवा धोक्याची पुरेशी सूचना न देणे यांसाठी त्यात उत्पादकास जबाबदार धरता येते, आणि वस्तू आयात करणारा हा ‘विक्रेता’ समजला जातो. शारीरिक इजेबरोबर तिच्यामुळे झालेला मानसिक क्लेशही हानीत मोडतो. त्यापूर्वी बसविलेल्या सांध्यांना जुना कायदा लागू होतो का, हे मात्र वकिलांकडून समजून घ्यावे.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. आयोगाची पायरी मागितलेल्या भरपाईवरून न ठरता वस्तू वा सेवेसाठी मोजलेल्या रकमेवरून ठरते : ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही, तक्रार ऑनलाइन देता येते, आणि दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणीची विनंतीही करता येते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी ही तरतूद मोलाची आहे. रुग्ण हयात नसल्यास कायदेशीर वारस तक्रार करू शकतात.

रुग्णालयाच्या निष्काळजीपणाविरुद्धही आयोगाकडे जाता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सशुल्क वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत आणली. विमा कंपनीने पैसे भरले असले तरी ती सेवा सशुल्कच ठरते. जेथे सर्वांनाच पूर्ण मोफत उपचार मिळतात अशा रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयात जावे लागते. निष्काळजीपणा सिद्ध करण्यासाठी साधारणतः तज्ज्ञाचे मत लागते, हे ध्यानी ठेवावे.

मुदत आणि सही

ग्राहक आयोगाकडे जाण्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. उशिराचे सबळ कारण दिल्यास आयोग तो माफ करू शकतो; परंतु ती सवलत आहे, हक्क नव्हे. सांधा बिघडल्याचे पहिल्यांदा लेखी निदान झाले ती तारीख वहीच्या पहिल्याच पानावर ठळक लिहावी आणि त्या तारखेपासूनच दिवस मोजावेत.

दुसरा धोका सहीचा. कंपनीचा प्रतिनिधी, विमा कंपनी किंवा रुग्णालय काही रक्कम देऊ करील आणि ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द असलेला कागद पुढे करील. रुग्णाला गुंगीच्या वा तीव्र वेदनेच्या अवस्थेत कोणत्याही कागदावर सही करू देऊ नये. कागद घरी आणावा, वाचावा, जाणकाराला दाखवावा. तडजोड वाईट असतेच असे नाही. वृद्धांना दीर्घ लढ्यापेक्षा वाजवी तडजोड अधिक हितावह ठरू शकते. ती समजून-उमजून केलेली असावी, एवढेच.

वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाच्या अटीविना मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते. १५१०० हा त्यांचा क्रमांक आहे. ग्राहक तक्रारींच्या मार्गदर्शनासाठी १९१५, तर ज्येष्ठ नागरिकांच्या साहाय्यासाठी १४५६७ या क्रमांकावर विचारणा करता येते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

शेवटी दोन शब्द सांभाळणाऱ्यांसाठी. फसलेल्या शस्त्रक्रियेनंतर वृद्ध माणसाच्या मनात एक अपराधी भाव घर करतो : ‘मीच हट्टाने ऑपरेशन करून घेतले, आता सगळ्यांना त्रास.’ कोणी निष्काळजीपणा केला की वस्तूच सदोष होती, याचा निर्णय लागायचा तेव्हा लागेल. रुग्णाचा त्यात दोष नाही, हे त्यांना पुनःपुन्हा ऐकू द्यावे. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, गप्प राहणे हे आठवड्यांमागून आठवडे चालले तर तेही डॉक्टरांना सांगावे.

घरात कामे वाटून घ्यावीत. एकाने औषधे आणि व्यायाम पाहावेत, दुसऱ्याने कागद आणि तारखा. सगळे ओझे एकाच सुनेच्या वा लेकीच्या खांद्यावर पडले तर दोन्ही कामे अर्धवट राहतात. दाव्याच्या निकालासाठी कायद्याने महिन्यांची मुदत घातलेली असली, तरी प्रत्यक्षात वर्षे जाऊ शकतात. म्हणून रुग्णाचे बरे होणे त्या निकालावर टांगून ठेवू नये. वही दुपारी पाच मिनिटे लिहावी, मिटून ठेवावी, आणि संध्याकाळी वॉकर घेऊन आई-आबांबरोबर अंगणात दोन फेऱ्या माराव्यात.

आपल्या घरात कोणाच्या शरीरात कृत्रिम सांधा, हृदयातील पेसमेकर किंवा स्टेंट असेल, तर त्याचे कार्ड आणि स्टिकर आजच शोधून काढावे, त्याची छायाप्रत दोन ठिकाणी ठेवावी. सर्व काही सुरळीत असताना हे काम दहा मिनिटांचे आहे.